हेटी स्पिंकचं शेवटचं वाक्य

हेटी स्पिंकचा चेहरा सारं इंग्लंड ओळखत होतं, फक्त तो कुणाचा हे कुणालाच ठाऊक नव्हतं. बसमध्ये बायका तिच्याकडे टक लावून बघायच्या आणि शेवटी न राहवून विचारायच्या, "अहो, तुम्ही आमच्या नणंदेच्या लाँड्रीत असता का?"

"असते ना," हेटी म्हणायची. "तुमच्या यजमानांच्या कॉलरी बघवत नाहीत हो."

मग ती बाई आपला स्टॉप येईपर्यंत खिडकीबाहेर बघायची.

कॅटफर्डमधल्या आमच्या गल्लीत हेटी माझी भिंतीला भिंत लागून शेजारीण. कोपऱ्यावर माझं न्हाव्याचं दुकान, त्यामुळे गल्लीत कुणाच्या घरी काय शिजतंय ते मला बहुधा त्या घराच्या आधी कळायचं. हेटीचं मात्र थेट भिंतीतूनच कळे. ती स्वयंपाकघरात आपली नाटकातली आणि टीव्हीवरची वाक्यं पाठ करायची. वाक्यं म्हणजे काय, तर "बाईसाहेब, साहेब आलेत." किंवा, "मी काही बघितलं नाही हो इन्स्पेक्टर, मी मागे कपडे वाळत घालत होते." माझी बायको एनिड म्हणायची, "एवढंसं पाठ करायला हिला आठवडा लागतो? आमचा पोपट बरा." पण नीट कान लावला की कळायचं. 'साहेब आलेत' हे ती नाना तऱ्हांनी म्हणून बघायची. साहेब लाडके असल्यासारखं, साहेब पिऊन आल्यासारखं, साहेबांच्या कोटाला दुसऱ्या बाईचा वास येत असल्यासारखं. या शेवटच्या तऱ्हेनं म्हणाली तेव्हा एनिडनं माझा कोट हुंगला होता.

तिचा जन्म ग्रिम्सबीचा. बाप मासे धुरावर सुकवायच्या कारखान्यात. "पोरीच्या केसांना हॅडक माशाचा वास, तिला कोण मागणी घालणार?" असं आई म्हणायची म्हणे, म्हणून ही सोळाव्या वर्षी एका फिरत्या नाटक कंपनीत शिरली. तिथं मालकानं तिच्याकडे एकदाच नीट बघितलं आणि म्हणाला, "पोरी, तुझा चेहरा जन्मतःच पन्नाशीचा आहे. घाबरू नकोस, पन्नाशी आली की तुला त्याचा फार उपयोग होईल." आणि तोवर? तोवर आयांची कामं. दर आठवड्याला नवं नाटक. संध्याकाळी या आठवड्याचं करायचं, सकाळी पुढच्याची तालीम. नायिका रोवेना आर्डली. हेटीहून दोन वर्षांनी मोठी, आणि हेटी कायम तिची आई.

"पोटच्या पोरीला पहिल्यांदा बघितलं तेव्हा ती माझ्यापेक्षा मोठी होती," हेटी म्हणायची. "बाळंतपण सोपं गेलं."

दोघी एकाच खोलीत राहायच्या, गॅसच्या एका शेगडीवर एक मासा भाजून अर्धा अर्धा खायच्या. रोवेनाला मधला भाग, हेटीला शेपटी. पुढे रोवेना लंडनच्या मोठ्या थिएटरांत गेली, तिचे फोटो लागले. हेटीही लंडनला आली, पण ट्रे घेऊन. मोलकरणी, खानावळवाल्या, दाया, चौकशीत रडणाऱ्या शेजारणी. मधे एक नवराही झाला, रंगमंचाचा सुतार. तो एका सकाळी खिळे आणायला गेला तो अजून दुकानातच आहे.

हे सगळं ती हसत सांगायची. तिला हसणं जमायचं. पण एक सल होता, आणि तो मला चौऱ्याहत्तर साली कळला.

त्या दिवशी संध्याकाळी ती शेरीची बाटली घेऊन आमच्याकडे आली. हेटी आणि स्वतःची बाटली! मी म्हटलं, "काय हो, कुणी वारलं का?"

"सिरिल, मला शेवटचं वाक्य मिळालं."

"कसलं? फाशीच्या आधीचं?"

"मेल्या, नाटकातलं!" ती खुर्चीत बसली, टोपीसुद्धा न काढता. "आजवर मी पडदा पडताना रंगमंचावर कधी नव्हते, माहितेय? चहा ठेवायचा आणि आत. पडदा पडतो तेव्हा माझं अर्धं तोंड पुसून झालेलं असतं. टाळ्या ऐकल्यात त्या विंगेतून, हातात साबण. या नाटकात एक मोठं घर आहे, सगळी भावंडं भांडतात, घर विकतात, एकेक करून निघून जातात. शेवटी राहते ती म्हातारी स्वयंपाकीण. एकटी. ती एक वाक्य बोलते आणि पडदा."

"बोला ना मग, काय वाक्य?" एनिड म्हणाली.

हेटीनं तोंडावर बोट ठेवलं. "ते म्हणायचं नसतं."

मग तिनं आम्हाला ती रीत सांगितली. नाटकाचं शेवटचं वाक्य तालमीत म्हणायचं नाही. घरी नाही, आरशापुढे नाही, न्हाणीत नाही. नाटक माणसांपुढे होईपर्यंत अपुरंच ठेवायचं. रिकाम्या खुर्च्यांपुढे पुरं केलं तर ते तिथंच संपतं, मग त्याला प्रेक्षक मिळत नाही. फिरत्या कंपनीच्या त्या मालकानं एका पोराला यासाठी कानफटवलं होतं. त्या जागी आलं की नुसतं थांबायचं, मनात म्हणायचं, आणि पहिल्या प्रयोगाला तोंड उघडायचं.

"आणि पहिल्या प्रयोगाला विसरलात तर?" एनिडनं विचारलं.

"अगं, मी तेवढ्यासाठी जन्म काढलाय. विसरेन?"

तर दिग्दर्शक पिअर्स हॅलम नावाचा मुलगा. केंब्रिजचा, मखमली पँट, केस असे की माझ्या हाताला नुसती खाज. वाईट नव्हता हो पोरगा, तेच तर वाईट. सगळ्यांना डार्लिंग म्हणायचा, हेटीला स्वतः खुर्ची आणून द्यायचा. आणि नाटकातली घरमालकीण कोण? रोवेना आर्डली. आता ती पासष्टीपुढची, नाटकात पंचेचाळीसची. हेटी या खेपेला आई नव्हती एवढंच.

तालमी सुरू झाल्या. हेटी रोज येऊन कुंपणावरून सगळ्यांचे आवाज काढून सांगायची, त्यामुळे मी तिकीट न काढता सगळं बघितलं म्हणा ना. शेवटच्या प्रवेशाची तालीम आली. सगळे निघून गेले. हेटी टेबलाजवळ उभी, समोर चहाची किटली. तिनं किटलीला हात लावला आणि गप्प झाली. कोपऱ्यात पुस्तक धरून बसलेल्या मुलीला वाटलं बाई अडली. ती हळूच म्हणाली, "चहा..."

"श्श!" हेटीनं हात झटकला.

मुलगी अजून मोठ्यानं, "चहा नि..."

"अगं कार्टे, गप!" म्हणून हेटीनं दोन्ही कानांवर हात ठेवले.

आता तुम्हीच सांगा, हे लांबून कसं दिसलं असेल? एक म्हातारी, शेवटच्या वाक्यापाशी येते, थांबते, कुणी सांगायला गेलं तर कान झाकते. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. त्यात दुसऱ्या अंकात एकदा तिनं 'रॉडरिक साहेब'ला 'रॉबर्ट साहेब' म्हटलं. रॉबर्ट म्हणजे खिळे आणायला गेलेला.

पिअर्सनं तिला बाजूला घेतलं. "हेटी डार्लिंग, ती शेवटची ओळ... काही त्रास आहे का?"

"मुळीच नाही. प्रयोगाच्या दिवशी येईल."

आणि इथंच घात झाला. कारण ज्या नटाला पाठ होत नाही तो गेली शेकडो वर्षं हेच सांगत आलाय: प्रयोगाच्या दिवशी येईल!

"नाही, म्हणजे रीतच आहे तशी," हेटी म्हणाली आणि मालकाची, कानफटाची सगळी गोष्ट सांगितली. पोरगा मान हलवत ऐकत राहिला. मऊ आवाजात म्हणाला, "माझी आईसुद्धा आता नावं आठवेनाशी झाली की म्हणते, मुद्दाम घेत नाही, नवऱ्याचं नाव घेतलं तर अपशकुन होतो. फार सुंदर कारणं सुचतात तिला. हेटी, इथं लाजण्यासारखं काही नाही. एकदा, फक्त एकदा, माझ्या कानात म्हणा."

"कान काय नि रिकामं थिएटर काय. नाही म्हणायची."

"बरं, आपण रोवेनाला विचारू. ती त्या काळातलीच ना?"

हेटीचा जीव भांड्यात पडला. रोवेना! एकाच मालकाच्या हाताखालच्या, त्या पोराच्या कानफटात बसली तेव्हा दोघी शेजारी शेजारी उभ्या होत्या. पिअर्सनं विचारलं, "रोवेना, शेवटचं वाक्य तालमीत म्हणायचं नाही अशी काही रीत असते का?"

रोवेना हातमोजे घालत होती. एकेक बोट नीट बसवून तिनं वर बघितलं. "शेवटचं वाक्य? छे रे. मी तर पहिल्यांदाच ऐकतेय." मग हेटीचा गाल थोपटून म्हणाली, "किती दमलीयस गं तू, बाळ."

बाळ! जिची आई होण्यात हिचं तरुणपण गेलं, ती हिला बाळ म्हणाली.

हेटीनं हे सांगितलं तेव्हा आवाज काढून दाखवले नाहीत. सरळ सांगितलं. मी म्हटलं, "तिला का हवंय खोटं बोलायला?"

"कारण ती तिसऱ्या अंकाच्या अर्ध्यातच निघून जाते. पडदा पडताना ती विंगेत असते." हेटी कुंपणाची सालपटं काढत होती. "साबण घेऊन."

एनिड आतून हात पुसत आली. "अहो बाई, मग म्हणून टाका ना एकदाचं! जीभ झडते का? कुठल्या मेल्या म्हाताऱ्याचा नियम, तो गेला मातीत. म्हणा नि आपलं वाक्य घ्या."

"एनिड, अपशकुन असतो तरी तू शिडीखालून जातेस?"

"पलीकडे आमचे पैसे थकवलेला माणूस उभा असला तर धावत जाईन."

शनिवार-रविवार भिंतीतून काही ऐकू आलं नाही. नुसत्या येरझाऱ्या. सोमवारी सकाळी हेटी चांगली टोपी घालून निघाली. तिनं ठरवलं होतं. शेवटचा प्रवेश आला, सगळे निघून गेले, तिनं किटलीला हात लावला आणि रिकाम्या खुर्च्यांपुढे, एकाही शब्दाला न चाचरता म्हणाली:

"चहा निवलाय. दुसरा टाकते."

एवढंच वाक्य. पण ते तिनं असं म्हटलं म्हणे, की कोपऱ्यातल्या त्या मुलीनं पुस्तक मिटलं आणि नाक पुसलं. घर विकलं गेलंय, प्यायला कुणी उरलं नाही, आणि ही दुसरा टाकतेय! पिअर्सचे डोळे भरून आले. त्यानं येऊन तिचे दोन्ही हात धरले.

"सुंदर, हेटी. फारच सुंदर." मग हात न सोडता, "पण मी काल रात्रीच बदल लिहून काढलाय. रोज असं येईल की नाही या धास्तीत मी तुम्हाला ठेवू शकत नाही. आता रोवेना जात नाही. ती परत फिरते, दारात उभी राहते. वाक्य तेच आहे. तिनं तुमच्याकडे बघून म्हणायचं. तुम्ही फक्त ऐकायचं. काही, काहीसुद्धा बोलायचं नाही. ओझंच नको."

म्हणजे तिनं रीतही मोडली आणि वाक्यही गेलं. बाजारात म्हैस विकायला गेली आणि दावंसुद्धा तिथंच विसरून आली.

मी म्हटलं, "सोडून द्या काम. तोंडावर फेका त्याच्या."

"आणि खाऊ काय? तुझ्या दुकानातले केस?"

पहिल्या प्रयोगाला मी आणि एनिड गेलो. सगळ्यात वरच्या माळ्यावरची जागा, तिथून नट म्हणजे टोप्या आणि नाकं. शेवटी सगळे गेले. हेटी टेबलाजवळ उभी. मागचं दार उघडलं, रोवेना आली, फरचा कोट, गळ्यात मोती. तिनं किटलीला बोट लावलं. अशी थांबली की एनिडनं माझ्या मांडीला चिमटा काढला. आणि मग म्हणाली:

"चहा निवलाय. दुसरा टाक."

'टाकते'मधलं 'ते' गेलं होतं. एक अक्षर. स्वयंपाकीण आपणहून जे म्हणणार होती, त्याचा मालकिणीनं हुकूम केला. हेटीनं तिच्याकडे बघितलं, ट्रे उचलला आणि आत गेली. पडदा पडला तेव्हा रंगमंचावर रोवेना एकटी. टाळ्या काय पडल्या! माळा हलत होता. हेटी पुन्हा विंगेत.

सकाळी पेपरात आलं. रोवेनाबद्दल होतंच. पण एका मोठ्या पेपरच्या टीकाकारानं खाली लिहिलं होतं: 'हेटी स्पिंक यांचं अखेरचं मौन आजच्या रंगभूमीवरचं सगळ्यांत बोलकं मौन आहे.' जन्मात पहिल्यांदा तिचं नाव छापून आलं, तेही बरोबर स्पेलिंगनं. मी ते कापून दुकानातल्या आरशावर चिकटवलं. ती दुसऱ्या दिवशी आली आणि नखानं खरवडून काढलं.

"अहो, कौतुक आहे ते!"

"कळतं मला. म्हातारी गप्प बसली की सगळ्यांनाच बरं वाटतं, सिरिल. त्याला मौन म्हणतात."

आता गंमत पुढे आहे. अपशकुनानं नाटक पडायला हवं होतं की नाही? रिकाम्या खुर्च्यांपुढे वाक्य पुरं झालेलं. हेटी रोज सकाळी पेपर उघडून बघायची, आज बंद पडलं का. छे! पडलंच नाही. हिवाळा गेला, उन्हाळा गेला, पुन्हा हिवाळा आला, नाटक आपलं भरलेलं. तिनं जन्मात केलेल्या सगळ्या नाटकांत हेच सगळ्यांत जास्त चाललं. म्हणजे ती रीत, जिच्यासाठी ती सगळीकडे तोंड दाबून राहिली, ती साफ थोतांड होती.

एके दिवशी माझ्या दुकानासमोरच्या बाकावर बसून म्हणाली, "पडलं असतं तर बरं झालं असतं रे. निदान मी खरं तरी ठरले असते."

मी आत जाऊन तिच्यासाठी चहा टाकला. हे माझ्या बाबतीत फार क्वचित होतं.

पुढची कामं आली ती सगळी मौनाची. एजंट फोनवर म्हणे, "हेटी, खुशखबर! तुमचं ते मौन सगळ्यांना हवंय." इस्पितळाच्या मालिकेत बेशुद्ध आजी. खिडकीत बसलेली मुकी शेजारीण. आणि मग टीव्हीवरच्या गुन्ह्यांच्या मालिकांत मढी. तळ्यात सापडलेली, जिन्याखाली सापडलेली, चर्चच्या बाकावर सापडलेली. पाठ होत नाही अशी बातमी तर लंडनभर झालीच होती. मढ्याला पाठांतर लागत नाही. आम्ही सगळे आमच्या बैठकीच्या खोलीत जमून बघायचो, हेटी आमच्यातच बसून सॉसेज खायची.

"तुमची पापणी हलली!" एनिड ओरडायची.

"हलली नाही. इन्स्पेक्टरनं कांदा खाल्ला होता."

सगळे हसायचे. तीही हसायची. मग कार्यक्रम संपून नावं यायला लागली की उठून जायची. मढ्याचं नाव कधी येतच नसे.

तिच्या सत्तरीत आमच्या पाद्रीबाईंनी, म्हणजे पाद्र्यांच्या पत्नी मिसेस लारवुड यांनी, चर्चच्या हॉलमध्ये नाताळचं नाटक करायचं ठरवलं. छपराच्या निधीसाठी. राजकन्या, राक्षस, घोडा, आणि शेवटी सगळ्यांना आशीर्वाद देणारी परीराणी. परीराणी हेटीनं व्हावं म्हणून त्या केक घेऊन तिच्याकडे गेल्या. शेवटच्या दोन ओळी परीराणीच्या, यमकाच्या, आणि मग पडदा. हेटीनं केक खाल्ला आणि हो म्हणाली. घोडा म्हणजे कापडी सोंग, आत दोन माणसं; मला त्याचं मागचं अंग मिळालं. एनिड म्हणाली, "तुम्हाला फारसं पाठ करायला नको, नैसर्गिकच आहे."

पहिलीच तालीम. हॉलमध्ये चहाची बाई, पोस्टातला कारकून, दोन शिक्षिका, खाटकाची मुलगी. सगळी हौशी माणसं. शेवटचा प्रवेश आला. हेटीनं पुठ्ठ्याची कांडी उचलली आणि त्या दोन ओळी खणखणीत आवाजात, यमकासकट, म्हणून टाकल्या.

हॉलमध्ये सगळ्यांनी एकदम श्वास आत घेतला. मी घोड्याच्या आत होतो, तिथंही तो ऐकू आला.

"अगं बाई!" चहावाली म्हणाली. "म्हटलं हिनं!"

"मिस स्पिंक," मिसेस लारवुड घाबऱ्याघुबऱ्या झाल्या होत्या, "शेवटच्या ओळी तालमीत म्हणायच्या नसतात ना! पहिल्या प्रयोगापर्यंत नसतात म्हणायच्या!"

"कोण म्हणतं?" हेटीनं विचारलं.

"अहो, कोण म्हणजे? सगळ्यांनाच माहीत असतं!" पोस्टातला कारकून म्हणाला. "लहान पोरालाही माहीत असतं."

मग एका शिक्षिकेनं दुसरीला हळू आवाजात सांगितलं, पण घोड्याजवळ उभी राहून सांगितलं: "बिचारी! एवढी जुनी नटी, आणि साधी रीतसुद्धा आठवत नाही. ऐकलं होतं मी, तिची आठवण गेलीय म्हणून."

मला ओरडायचं होतं. पण माझं डोकं घोड्याच्या पुढच्या माणसाच्या कमरेत होतं, आणि पुढचा माणूस खाटीक होता. मी ओरडलो तेव्हा सगळ्यांना वाटलं घोडा खिंकाळला.

पाद्रीबाई फार मायाळू. त्यांनी मार्ग काढला. त्या दोन ओळी सगळ्यांनी मिळून म्हणायच्या, म्हणजे मिस स्पिंकना सोपं जाईल, आणि विसरल्या तरी कुणाला कळणार नाही. "ओझंच नको," असंही म्हणाल्या. हेटीनं मान हलवली. त्यावर ती काही बोलली नाही, आणि मला वाटतं पेपरचा तो टीकाकार तिथं असता तर पुन्हा काहीतरी लिहिता झाला असता.

प्रयोगाला हॉल भरला होता. शेवटी आम्ही सगळे ओळीत उभे राहिलो आणि त्या दोन ओळी एका सुरात म्हटल्या. राक्षसानं म्हटल्या, राजकन्येनं म्हटल्या, मीही घोड्यातून म्हटल्या. हेटीचा आवाज आत ऐकू आला नाही. एनिड पहिल्या रांगेत होती. ती सांगते, हेटी मधोमध उभी होती, अंगभर चमकी, कांडी वर, दात दिसतील एवढं हसत होती, आणि तिनं तोंडातून अक्षर काढलं नाही.